ऊसतुऱ्यापासून पळसापर्यंत

दसरा-दिवाळीच्या सुमाराला घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर न्यू जर्सीतल्या चुलतभावाचे, टोरोंटोतल्या भाचीचे फोटो यायला लागतात. लालभडक मेपल, पिवळीधमक झाडं, खाली पानांचा सडा. इकडे बघणाऱ्याला वाटतं, आपल्याकडे असलं काही नाहीच. ऑक्टोबरात बाहेर डोकावलं तर खरंच काही दिसत नाही. ऊस हिरवागार, बांध हिरवे आणि वर ऑक्टोबर हीटचा तडाखा. तेव्हा ऑक्टोबरात शोधूच नका. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली, आणि तीही एका दमात होत नाही. पलूस तालुक्यातल्या कुंडल आणि आजूबाजूच्या गावांत नोव्हेंबरपासून मेपर्यंत एकेक रंग येतो आणि जातो.

त्यातले निम्मे रंग झाडांचे नसतातच, पिकांचे असतात. ऊस, हळद, द्राक्ष, शाळू. म्हणून इथे कॅमेरा घेऊन निघणाऱ्याने झाडं ओळखण्याआधी हंगाम ओळखावा. कुठल्या पंधरवड्यात शिवारात कसलं काम चाललंय हे ठाऊक असलं, की रंग आणि राबणारी माणसं एकाच चौकटीत सापडतात. नुसत्या रंगाचे फोटो कुणालाही मिळतात आणि दोन दिवसांत कंटाळवाणे होतात. त्या रंगाखाली चाललेलं काम आलं, तरच तो फोटो कुंडलचा होतो.

सुरुवात तुऱ्यापासून करा. नोव्हेंबर सरता सरता काही जातींच्या उसाला तुरा येतो. शेतकऱ्याला तो नको असतो, कारण तुरा आला की उसाची वाढ थांबते, पांगशा फुटतात, वजन घटतं. त्यामुळे शेताच्या मालकासमोर तुऱ्याचं फार कौतुक करू नका. फोटोसाठी मात्र तो सोन्यासारखा विषय आहे, फक्त सूर्य तुमच्या पाठीशी नको, तुऱ्याच्या मागे हवा. ऊन समोरून पडलं तर तुरा मळकट करडा दिसतो. तेच ऊन मागून आलं की त्यातला केस न् केस उजळतो. तुऱ्यामागची बाजू गडद हवी, मग ती सावलीतला डोंगर असो किंवा पाणंदीच्या पलीकडचा न तोडलेला फड. पाणंदीत दोन्ही बाजूंना ऊस असतो, त्यामुळे एका बाजूचा फड उजेडात आणि दुसऱ्या बाजूचा अंधारात, हा मेळ तिथे आपोआप जमतो. मोबाइलच्या पडद्यावर तुऱ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेडाचं माप तिथेच अडकून राहतं. मग बाजूला जे सूर्याचं चिन्ह येतं ते किंचित खाली ओढा. फोन आपल्या अकलेने मागचा अंधार उजळायला जातो आणि तुरा पांढरा फटक करून टाकतो. तो अंधार अंधारच राहू द्या.

वेळेचं गणित आपल्या भागात थोडं वेगळं आहे. आपण देशाच्या पश्चिम बाजूला, आणि घड्याळ मात्र अख्ख्या देशाचं एकच. म्हणून जानेवारीत इथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर ऊन मऊ असतं. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य आकाशात साधारण ५० अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे तेव्हा दुपारचा फोटोही निभावून जातो. मार्चनंतर तसं होत नाही. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तर या भागात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हाच्या दुपारी कुणाचा चेहरा टिपलात तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. गुलमोहर आणि बहावा याच काळात फुलतात, म्हणून ते फक्त सकाळी काढा.

कारखान्याची मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की रस्ते बदलतात. कुंडलला क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना आहे, आणि हंगामात त्याच्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांची रांग लागते. इथे उभं कुठे राहायचं हे महत्त्वाचं. सरळ रस्त्यावर गाड्या वेगात असतात आणि नुसती उसाची भिंत दिसते. वळणावर, किंवा चढ लागतो तिथे, गाडी मंदावते, गाडीवान उतरून बैलांबरोबर चालायला लागतो, मान वळवून मागे बघतो. तिथे थांबा. शटर १/२५० च्या आसपास ठेवलं तर बैलांचे पाय आणि उडालेली माती दोन्ही स्वच्छ येतात. हात बसला की १/३० वर कॅमेरा गाडीबरोबर फिरवत काढून बघा, मागचा ऊस रेघारेघांचा होतो. पण पाय डांबराच्या बाहेरच ठेवा. दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर ब्रेक दाबला की लगेच थांबत नाही. आणि बैलांच्या तोंडावर फ्लॅश कधीही मारू नका.

फडातली गोष्ट वेगळी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्या पहाटेपासून तोडणीला लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे एक कोयता म्हणतात. सगळ्यात जड क्षण असतो भरणीचा. डोक्यावर मोळी घेऊन बाई फळीवरून ट्रॉलीवर चढत असते. तिला हाक मारायची नाही, थांबवायचं नाही, ‘इकडे बघा’ म्हणायचं नाही. तिचा तोल फळीवर असतो. फोटो लांबून काढा आणि विचारायचं ते नंतर, पाणी प्यायला बसल्यावर. आधी मुकादमाला गाठा, पण त्याने हो म्हटलं म्हणजे सगळ्या टोळीने हो म्हटलं असं धरू नका. मुकादम कामाचा मालक असेल, चेहऱ्यांचा नाही. कोप्यांकडे गेलात तर बाहेरच उभं राहा. पाचटाची असली, दार नसलं, तरी सहा महिने ते कुणाचं तरी घर आहे, आणि आत डोकावून काढलेला चुलीचा फोटो कितीही ‘कलात्मक’ असला तरी तो चोरून काढलेला फोटोच. मुलांचे फोटो आई-बापाला विचारून काढा, आणि नाव-गावासह कुठेही टाकू नका.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कृष्णाकाठी धुकं उतरतं. भिलवडी, औदुंबर ही गावं जवळच आहेत. घाटाच्या पायऱ्या, बांधलेली नाव, नदीपलीकडचा पुसट ऊस, एवढ्यावर फोटो होतो. फोन धुकं करडं करतो, म्हणून इथे उजेड किंचित वर ओढायचा, तुऱ्याच्या बरोबर उलट. आंघोळ करणाऱ्यांकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मार्केट यार्डातले तिचे ढीग सगळ्यांनी पाहिलेत, पण शेतातली पिवळी हळद फारसं कुणी टिपत नाही. डिसेंबर-जानेवारीत पाला पिवळा पडतो, कडा वाळतात, पानं झुकतात. परदेशी फोटोंतल्या पिवळ्या रानाला आपल्याकडे याहून जवळचं उत्तर नाही. पुढे पाला कापला जातो, गड्डे निघतात आणि मग हळद शिजवण्याचं काम सुरू होतं. तिथे वाफेचे लोट उठतात, त्यातून माणसं येतात-जातात. अडचण फोनची आहे. चौकटीत सगळीकडे पिवळं दिसलं की त्याला वाटतं बल्बचा उजेड आहे, आणि तो पिवळा रंग काढून टाकायला धावतो. हळद फिकट, माती निळसर. यावर उपाय म्हणजे प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून उन्हावर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनवर ठेवायचा. प्रो मोड नसेल तर चौकटीत पांढरं काहीतरी येऊ द्या. हळदीच्या रानात कुणाच्या तरी डोक्याला पांढरं मुंडासं असतंच. शिजवण्याच्या जागी लेन्सवर वाफ धरते, तेव्हा सुती कापडाचा तुकडा खिशात हवा. शर्टाच्या टोकाने पुसलं तर धूळ घासली जाते.

झाडांच्या पानगळीत पहिलं नाव देशी बदामाचं. शाळेच्या आवारात, देवळाशेजारी, एसटी स्टँडवर, कुठेही तो असतो, आणि इतका रोजचा झालाय की त्याच्याकडे कुणी बघत नाही. थंडीत एक पान हातात घेऊन नीट बघा. काठाकडून लाली आत सरकत येते, शिरांच्या लगतचा हिरवा सगळ्यात शेवटी जातो, मधे कुठेतरी नारिंगी-पिवळा पट्टा, वर किड्याने पाडलेली भोकं आणि काळे ठिपके. एका पानात पाच-सहा रंग. ते पान सूर्याकडे धरलं की शिरांचं जाळं दिसतं. अगदी जवळून काढायचं तर फोन पानाला चिकटवू नका, फोकसच लागत नाही. वीतभर अंतर ठेवा, दोनपट लेन्स असेल तर ती लावा. बोटांनी पडदा ताणून मोठं करणं टाळा, त्यात नुसते ठिपके मोठे होतात.

हा लाल रंग येतो कुठून? थंडी-कोरड्यात झाड पानाचा खर्च थांबवतं, हरितद्रव्य मोडून आतला माल खोडाकडे परत घेतं. हिरवा पडदा गेला की पिवळा दिसतो, तो कॅरोटिनॉइडचा, आधीपासून आत असलेला. लाल मात्र बहुतेक वेळा नव्याने तयार होतो, त्याला अँथोसायनिन म्हणतात, आणि त्याला लख्ख ऊन आणि थंड रात्री मानवतात. मेपलच्या देशात या दोन गोष्टी ऑक्टोबरात जुळतात. आपल्याकडची बरीच झाडं थंडीपेक्षा पाण्याच्या तुटवड्याने पानं टाकतात, म्हणून ती पिवळी-तपकिरी होऊन गळतात. सागाचं पान असंच.

फोटो काढणाऱ्याने यावरून एक गोष्ट मनात ठेवावी. थंड देशात लाल पान म्हातारं असतं, आपल्याकडे ते बहुधा कोवळं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळाला तांबूस-गुलाबी पालवी फुटते, कडुनिंब खाली पिवळी पानं टाकत असतानाच वर तांबडे शेंडे धरतो, आणि कुसुंब असेल तिथे मार्चमध्ये अख्खं झाड लाल दिसतं. ही पालवी आठ-दहा दिवस टिकते, मग हिरवी होते. आज बघून ठेवू, पुढच्या रविवारी काढू, असं म्हणालात की गेली. पिंपळ शक्यतो पारासकट काढा. खाली बसलेली मंडळी, टेकून ठेवलेल्या काठ्या, वर कोवळी पानं, आणि उजेड पानांतून झिरपून खाली आलेला. त्यासाठी नऊच्या आत जायला हवं, पारही तेव्हाच भरलेला असतो.

पळस होळीच्या तोंडावर फुलतो. त्याचे सगळ्यांचे फोटो एकसारखे बिघडतात, कारण एकच. पडद्यावर दिसतो केशरी-लाल गोळा, आणि त्यात ना पाकळी, ना देठाची काळी मखमल. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन हिशेब वेगळे चालतात. पळसावर लालचा हिशेब आधीच भरून वाहतो, बाकीचे दोन मात्र रिकामे असतात, म्हणून एकूण उजेड बरोबर आहे असं कॅमेरा समजतो. उजेड पाऊण-एक घर खाली आणा, आणि कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दिसत असेल तर त्यातला लाल उजव्या भिंतीला आदळत नाही ना, तेवढं बघा. मग घरी आल्यावर रंग ‘वाढवू’ नका. पळस मुळात एवढा भडक आहे की त्याला आणखी चढवलं की कागदी वाटतो. ढगाळ सकाळ मिळाली तर उत्तम, फुलातली वळणं तेव्हा नीट दिसतात. फुलांवर शिंजीर, मैना, बुलबुल येतात, त्यांच्यासाठी झाडाखाली गप्प बसायची तयारी हवी. नुसता पळस काढून निघून येण्यापेक्षा त्याच्या फांदीआडून पलीकडच्या द्राक्षबागेतली काढणी बघा. ती याच दिवसांत चालू असते.

डोंगराकडे जायचं तर सागरेश्वर अभयारण्य जवळ आहे, देवराष्ट्रे गावालगत. हे जंगल माणसांनी उभं केलेलं आहे. उजाड डोंगरावर झाडं लावण्याचं हे काम धों. म. मोहिते यांनी पुढाकार घेऊन चालवलं, आणि १९८५ मध्ये साधारण ११ चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं. फेब्रुवारीत तिथलं गवत पिवळं-तांबूस होतं, झाडं विरळ होतात, आणि चितळ, सांबर, काळवीट दिसण्याची शक्यता वाढते, कारण लपायला पाला कमी उरतो. मोबाइलवर हरीण टिपण्याचा हट्ट सोडा, ठिपका येईल. गवत, वाट, उघड्या फांद्यांची आभाळावरची नक्षी, यांच्यासाठी मोबाइल भरपूर आहे. कॅमेऱ्याची फी आणि वेळा गेटवर विचारून घ्या. ड्रोन घरी ठेवा. विडी-सिगारेट अजिबात नको, त्या दिवसांत गवत नुसतं ठिणगीची वाट बघत असतं. कुंडलच्या डोंगरातली झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ ही जैन क्षेत्रंही याच काळात पाहण्यासारखी, पण तिथे कॅमेऱ्याबद्दल आधी विचारा. कड्याकपारीत आग्या मोहोळ लटकलेलं असतं. अत्तर लावून जाऊ नका, आणि त्याच्या दिशेने फ्लॅश तर मुळीच नको.

रंगांचा हंगाम ओसरला तरी गाव असतंच, आणि कुंडलमध्ये तालमीसारखा विषय नाही. इथलं कुस्ती मैदान राज्यभर नावाजलेलं, त्या दिवशी कॅमेरे खंडीभर असतात आणि सगळे आखाड्याच्या मध्यावर रोखलेले असतात. तुम्ही हलगीवाल्याकडे वळा, फेटे सावरत दगडावर चढलेल्या म्हाताऱ्यांकडे वळा. त्यांच्या खांद्यांवरून कुस्ती दिसते, आणि डाव लागला की त्यांची बोटं आपोआप वळतात. मात्र खरी मजा रोजच्या तालमीत. पहाटे वस्तादांना भेटून परवानगी घ्या, चपला बाहेर काढा, आणि काहीही झालं तरी हौद्यात पाय ठेवू नका. ती माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून कसलेली असते, पैलवान तिला हात लावून कपाळाला लावतो. झरोक्यातून एकच तिरीप येते. तिच्या उजेडात कोण येतंय याची वाट बघत एका कोपऱ्यात बसून राहा. अंगावर लाल माती लागलेली असल्याने सगळं चित्र तांबडं होतं, ते तसंच ठेवा. आयएसओ १६०० किंवा ३२०० करावा लागला तर करा. दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो चालत नाही.

आठवडा बाजारात एक फसगत ठरलेली. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या बाईचा चेहरा निळा येतो, पिवळ्या ताडपत्रीखाली कावीळ झाल्यासारखा. डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण मेंदू दुरुस्त करून घेतो. म्हणून विक्रेता ताडपत्रीच्या काठाशी बसलाय असं दुकान शोधा, जिथे चेहऱ्यावर उघड्या आभाळाचा उजेड येतो. आधी पाव किलो वांगी घ्या, मग विचारा, ‘मावशी, एक फोटो घेऊ का?’ नाही म्हणाल्या तर वांगी घेऊन हसत पुढे जा. हो म्हणाल्या तर लगेच काढू नका, कारण हो म्हटल्यावर माणूस ताठ होतो, पदर सारखा करतो, फोटो स्टुडिओतला होतो. दोन गिऱ्हाईकं जाऊ द्या. तिसऱ्याशी पैशांवरून बोलणं सुरू झालं की तुमचा विसर पडतो. दूध संकलन केंद्रावरही असंच करा. किटल्यांची रांग, वाफाळणारे श्वास, फॅट बघणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर मशीनचा हिरवा उजेड. थंडीत सकाळी सातच्या आत.

घरी आल्यावर करायचं काम थोडंच, पण तेच राहून जातं. त्याच रात्री फोटो निवडा आणि नावं द्या. तारीख, गाव, शिवाराचं किंवा मळ्याचं चालू नाव, झाड किंवा पीक. ‘आयएमजी’ आणि पुढे आकडा, असल्या नावाचा फोटो दहा वर्षांनी तुम्हालाही ओळखू येणार नाही. जागांची नावं बदलतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत कारखाना आणला तेव्हा जवळच्या स्टेशनचं नाव ‘कुंडल रोड’ होतं. आज तिथे किर्लोस्करवाडी लिहिलेलं आहे. जुन्या फोटोवर नुसतं ‘स्टेशन’ लिहिलं असेल तर पुढच्या माणसाने काय समजायचं? मूळ फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि ज्या टोळीचे फोटो काढलेत त्यांच्यासाठी चार प्रिंट काढून घ्या, साध्या पोस्टकार्ड आकाराच्या. दर वेळी ‘फोटो देतो हं’ म्हणणारे पुष्कळ येऊन गेलेले असतात. पट्टा पडायच्या आत नेऊन द्या, कारण एकदा कारखाना बंद झाला की दोन दिवसांत कोप्या मोडतात आणि टोळी गावाकडे निघते.